पोहणे, सायकल आणि धावणे : सोलापूरकरांसाठी ट्रायथलॉनची तोंडओळख

एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर उठणारे सोलापूर भोंगे थांबल्यानंतरही पहाटेच जागे होते. पार्क मैदान, होटगी रस्ता, विजापूर रस्ता या परिसरात उजाडण्यापूर्वीच धावणाऱ्यांची आणि सायकलस्वारांची वर्दळ सुरू झालेली असते. त्यांत डॉक्टर, शिक्षक, बँकेतील कर्मचारी, यंत्रमागधारक असे सर्वच असतात. जानेवारीतील अर्धमॅरेथॉनने या शहराला धावण्याची गोडी लावली. धावता धावता गुडघे कुरकुरू लागल्यावर काहींनी सायकल जवळ केली आणि त्यांतील काही जणांना आता तिसऱ्या, अधिक अवघड खेळाचे वेध लागले आहेत. पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक, न थांबता करावयाच्या या शर्यतीचे नाव ट्रायथलॉन.

गोवा किंवा कोल्हापूरच्या शर्यतीतून गळ्यात पदक घालून परतलेल्या मित्राचे छायाचित्र पाहून अनेकांना हुरूप येतो. मात्र या छायाचित्रामागे असलेली काही महिन्यांची तयारी त्यात दिसत नाही. सोलापूरसारख्या कोरड्या, तापट हवेच्या पठारावर राहणाऱ्या हौशी खेळाडूपुढे पाणी, रस्ता आणि ऊन अशा तीन अडचणी उभ्या असतात. यांपैकी कोणत्याही एकीकडे केलेले दुर्लक्ष जिवावर बेतू शकते. म्हणूनच या खेळाची अंतरे, नियम, तयारीची पद्धत आणि त्यातील धोके यांची माहिती नाव नोंदविण्यापूर्वीच करून घेणे आवश्यक ठरते.

तीन खेळ, एकच घड्याळ

ट्रायथलॉन हा शब्द ग्रीक भाषेतील 'तीन' आणि 'स्पर्धा' या अर्थाच्या शब्दांपासून बनला आहे. प्रथम पोहणे, नंतर सायकल आणि शेवटी धावणे हा त्याचा क्रम ठरलेला आहे. त्यामागे सुरक्षिततेचा विचार आहे. थकलेला माणूस धावताना फार तर खाली बसेल, पण थकलेला माणूस पाण्यात बुडू शकतो. म्हणून अंगात ताकद असतानाच पाण्याचा टप्पा संपविला जातो.

पाण्यातून बाहेर पडल्यापासून सायकलवर बसेपर्यंतचा आणि सायकलवरून उतरल्यापासून धावू लागेपर्यंतचा वेळही एकूण वेळेत धरला जातो. या अदलाबदलीला 'ट्रान्झिशन' म्हणतात. अनुभवी खेळाडू गमतीने त्याला शर्यतीतील चौथा खेळ म्हणतात.

शर्यतींची प्रमुख अंतरे अशी आहेत. नवख्यांसाठीच्या 'स्प्रिंट' शर्यतीत ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. ऑलिम्पिकमध्ये १.५ किलोमीटर, ४० किलोमीटर आणि १० किलोमीटर ही अंतरे आहेत. त्यापुढची 'हाफ आयर्नमॅन' म्हणून ओळखली जाणारी शर्यत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशी असते. या तिन्हींची बेरीज ११३ किलोमीटर, म्हणजेच ७०.३ मैल होते. म्हणून तिला '७०.३' असेही म्हणतात. पूर्ण आयर्नमॅनमध्ये ही सर्व अंतरे दुप्पट होतात. ३.८ किलोमीटर पोहून १८० किलोमीटर सायकल चालविल्यावर ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन धावावी लागते आणि त्यासाठी साधारणतः १७ तासांची मुदत असते.

ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी 'ड्युएथलॉन' हा भाऊबंद प्रकार आहे. त्यात धावणे, सायकल आणि पुन्हा धावणे असा क्रम असतो. त्याच्या छोट्या स्वरूपात ५ किलोमीटर धावणे, २० किलोमीटर सायकल आणि अडीच किलोमीटर धावणे ही अंतरे प्रचलित आहेत. केवळ पोहणे आणि धावणे यांच्या जोडीला 'ॲक्वाथलॉन' म्हणतात.

वादातून जन्मलेली शर्यत

तीन खेळांची एकत्र शर्यत फ्रान्समध्ये १९२०च्या दशकातही होत असे. मात्र आजच्या ट्रायथलॉनचा प्रारंभ २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात झाला, असे मानले जाते. तेथील धावपटूंच्या क्लबने मिशन बे येथे भरविलेल्या या शर्यतीत ४६ जणांनी भाग घेतला. उद्देश एवढाच होता, की रोजच्या धावण्याच्या सरावात थोडा बदल व्हावा.

आयर्नमॅनची कथा अधिक रंजक आहे. हवाई बेटांवर १९७७मध्ये एका शर्यतीच्या बक्षीस समारंभात, जलतरणपटू अधिक तंदुरुस्त की धावपटू, असा वाद रंगला होता. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी त्यात सायकलपटूंची बाजू मांडली आणि वाद मिटविण्यासाठी बेटावर होणाऱ्या तीन वेगवेगळ्या स्पर्धा एकत्र जोडण्याची कल्पना सुचविली. जॉन व त्यांच्या पत्नी ज्युडी यांच्या पुढाकाराने १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिली आयर्नमॅन शर्यत झाली. १५ जण उतरले, त्यांपैकी १२ जणांनी ती पूर्ण केली. विजेता गॉर्डन हॅलर याला ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. दुसरा आलेला जॉन डनबार धावण्याच्या टप्प्यात पुढे होता. मात्र त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली, ही हकिगत आजही सांगितली जाते. पाण्याचा हिशेब चुकला की पुढे धावणाराही मागे पडतो, हा धडा पहिल्याच शर्यतीने दिला. पुढच्याच वर्षी लिन लमेर ही शर्यत पूर्ण करणारी पहिली महिला ठरली.

फेब्रुवारी १९८२मध्ये ज्युली मॉस ही विद्यार्थिनी अंतिम रेषेपासून काही मीटरवर कोसळली आणि अक्षरशः रांगत रेषेपर्यंत पोहोचली. तिचे पहिले स्थान गेले, पण दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात या खेळाने घर केले. २०००मधील सिडनी ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉनचा प्रथमच समावेश झाला. पुरुषांत कॅनडाचा सायमन व्हिटफिल्ड आणि महिलांत स्वित्झर्लंडची ब्रिगिट मॅकमोहन हे पहिले सुवर्णपदक विजेते. व्हिटफिल्ड सायकलच्या टप्प्यात पडला होता. तरीही उठून त्याने शर्यत जिंकली. २०१६च्या रिओ पॅरालिम्पिकपासून दिव्यांग खेळाडूंसाठीही हा खेळ खुला झाला.

महाराष्ट्रात आणि गोव्यात

मराठी घरांत या खेळाचे नाव पोहोचविण्यात मिलिंद सोमण यांचा वाटा मोठा आहे. राष्ट्रीय पातळीवरील जलतरणपटू राहिलेल्या सोमण यांनी २०१५मध्ये, वयाच्या पन्नाशीत, झुरिच येथील पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. चाळिशी ओलांडलेल्या अनेकांना त्यातून हिंमत मिळाली. महाराष्ट्र पोलिस दलातील वरिष्ठ अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी २०१७मध्ये फ्रान्समध्ये आयर्नमॅन पूर्ण केली. पुण्याचे जलतरणपटू व प्रशिक्षक कौस्तुभ राडकर यांनी वीसहून अधिक पूर्ण आयर्नमॅन शर्यती पार केल्या असून त्यांच्या मार्गदर्शनाखाली अनेक हौशी खेळाडू घडले आहेत.

पूर्वी अशा शर्यतीसाठी परदेशवारीच करावी लागे. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीजवळील मिरामार किनाऱ्यावर भारतातील पहिली 'आयर्नमॅन ७०.३' झाली आणि चित्र बदलले. करोनामुळे दोन वर्षे खंड पडल्यावर २०२२पासून ती पुन्हा सुरू झाली. कोल्हापुरात राजाराम तलावाच्या काठी याच अंतराची 'बर्गमन ११३' ही शर्यत भरते. सोलापूरकरांना सांगोला-मिरजमार्गे सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवरील कोल्हापूर हे जवळचे आणि सोयीचे ठिकाण आहे. समुद्राच्या लाटांची सवय नसलेल्यांना तलावाचे शांत पाणी पहिल्या अनुभवासाठी अधिक बरे.

विहिरीतले पोहणे आणि शर्यतीतले पोहणे

सोलापूर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत वाढलेल्या बहुतेकांचे पोहणे विहिरीत झालेले असते. पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुका भोपळा बांधून वडीलधाऱ्यांनी पाण्यात ढकलायचे आणि आठवडाभरात पोराने डबा सोडायचा, ही जुनी रीत. या पद्धतीने पाण्याची भीती कायमची जाते, हा तिचा मोठा लाभ आहे. मात्र विहिरीतले पोहणे डोके वर ठेवून, पाय खाली सोडून होते. त्यात दमछाक फार आणि पुढे सरकणे कमी. शर्यतीसाठी चेहरा पाण्यात ठेवून, शरीर आडवे राखून, एका कुशीवर वळत श्वास घेण्याचे 'फ्रीस्टाइल' तंत्र शिकावे लागते. चाळिशीत हे शिकणाऱ्याला पहिले काही आठवडे २५ मीटरही जड जातात. श्वास पाण्यात पूर्ण सोडण्याची सवय लागली, की हीच अडचण हळूहळू दूर होते. धावपटूंची नेहमीची चूक म्हणजे पाय जोरात मारणे. पोहण्यात पुढे नेण्याचे मुख्य काम हात करतात. पाय पुढच्या दोन टप्प्यांसाठी राखून ठेवावेत.

हाफ आयर्नमॅनमध्ये पोहण्यासाठी साधारणतः १ तास १० मिनिटांची मुदत असते. म्हणजे दर १०० मीटरला ३ मिनिटे ४० सेकंद. ऐकायला हा वेग संथ वाटतो. परंतु तलावाच्या भिंतीला पाय लावून विसावा घेण्याची सवय झालेल्याला सलग १९०० मीटर हे अंतर भारी पडते. २५ मीटरच्या तलावात त्याच्या ७६ लांब्या होतात. उघड्या पाण्यात तळाची रेष दिसत नाही, आजूबाजूच्या पोहणाऱ्यांचे हात-पाय लागतात, गॉगलवर धुके येते. म्हणून दर आठ-दहा हातांनंतर डोळे वर काढून समोरची खूण पाहण्याचा सराव करावा लागतो.

येथेच सोलापूरची खरी अडचण सुरू होते. ज्या शहराला अनेक वर्षे नळाचे पाणी काही दिवसांआड मिळत आले, तेथे जलतरण तलाव बारमाही चालू राहतील अशी खात्री कोणी बाळगली नाही. सिद्धेश्वर तलाव आणि संभाजी तलाव ही शहराची देखणी स्थळे आहेत. पण ती पोहण्याच्या सरावाची ठिकाणे नव्हेत. तुळजापूर रस्त्यावरील हिप्परगा तलाव ब्रिटिश काळात सिंचनासाठी बांधलेला आहे. अशा जलाशयांत गाळ, पाणवनस्पती आणि पाण्याची अचानक वाढणारी खोली यांचा अंदाज वरून येत नाही. पाण्याची स्वच्छता हाही गंभीर विषय आहे. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सीन नदीचे पाणी निकषात न बसल्याने पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली होती. तेव्हा उघड्या पाण्यात सराव करावयाचाच असेल, तर संबंधित यंत्रणेची परवानगी, काठावर दोर व ट्यूब घेऊन उभा असलेला जाणकार, कमरेला बांधलेला रंगीत तरंगता फुगा आणि सोबत पोहणारा जोडीदार या चार गोष्टींविना पाण्यात उतरू नये. एकट्याने तर कधीही नाही.

सायकल : वाहन तेच, रस्ता वेगळा

या खेळासाठी लाखो रुपयांची सायकल हवी, हा समज नवख्यांना मागे खेचतो. स्प्रिंट शर्यत ब्रेक, टायर आणि चेन सुस्थितीत असलेल्या कोणत्याही गिअरच्या सायकलवर पूर्ण करता येते. बसण्याची उंची बरोबर असणे मात्र महत्त्वाचे. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, फार वर असेल तर मागच्या बाजूला दुखणे सुरू होते. पंक्चर काढणे किंवा ट्यूब बदलणे स्वतःला आलेच पाहिजे. शर्यतीत बाहेरच्या व्यक्तीची मदत घेणे नियमबाह्य असते.

सराव कोठे करावा, हा सोलापुरातील अधिक अवघड प्रश्न आहे. पुणे, हैदराबाद, विजापूर आणि तुळजापूर या दिशांना जाणारे महामार्ग रुंद आणि गुळगुळीत झाले आहेत. पण त्याच वेगाने अवजड वाहतूकही वाढली आहे. महाराष्ट्रात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते. गाळप हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. अनेकदा त्यांना मागे दिवा नसतो. पहाटेच्या अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळण्याचा धोका सायकलस्वाराला सर्वाधिक असतो. त्यामुळे उजाडल्यावरच महामार्गावर जाणे, पुढे पांढरा व मागे लाल दिवा लावणे, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट घालणे आणि हेल्मेट न चुकता घालणे ही पथ्ये पाळावीत. कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास तुळजापूरला आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला पायी जाणाऱ्या भाविकांनी रस्ते फुलून जातात. त्या दिवसांत हे मार्ग सरावासाठी टाळणेच योग्य.

धावणे आणि जडावलेले पाय

सायकलवरून उतरून धावू लागताच पाय आपले नसल्यासारखे वाटतात. पहिला किलोमीटरभर मांड्या जड होतात, पावले आखूड पडतात. सायकलवर एका विशिष्ट पद्धतीने काम केलेल्या स्नायूंना निराळ्या हालचालीशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून असे होते. यावर उपाय म्हणजे सायकल आणि धावणे यांचा सलग सराव. त्याला खेळाडूंच्या भाषेत 'ब्रिक' म्हणतात. आठवड्यातून एकदा तासभर सायकल चालवून लगेच १० ते १५ मिनिटे धावले, तरी महिन्याभरात फरक जाणवतो. धावण्याचे अंतर वाढविताना घाई करू नये. एका आठवड्यात साधारण एक दशांशाहून अधिक वाढ केल्यास नडगी, घोटा व टाच यांच्या दुखण्यांना आमंत्रण मिळते, असा प्रशिक्षकांचा ढोबळ नियम आहे.

सोलापूरचे ऊन : शत्रू आणि गुरू

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो, हे येथील लेकरालाही ठाऊक आहे. उन्हाची सवय होण्यासाठी निरोगी शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. या काळात घाम लवकर येऊ लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात योग्य प्रकारे सराव केलेला सोलापूरकर गोव्याच्या दुपारी फारसा डगमगत नाही. मात्र एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. येथील हवा कोरडी असल्याने घाम उडून जातो आणि शरीर थंड होते. किनाऱ्यावरील दमट हवेत घाम नुसताच निथळतो, थंडावा देत नाही. त्यामुळे तेथे वेग थोडा कमी ठेवणे शहाणपणाचे.

पाणी किती प्यावे, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. घरच्या घरी करता येण्याजोगी एक साधी चाचणी आहे. तासभराच्या सरावापूर्वी व नंतर अंग पुसून वजन करावे. जितके किलो वजन घटले, साधारण तितके लिटर पाणी घामावाटे गेले. त्यात सरावात प्यालेले पाणी मिळवावे. तहान भागेल इतके, थोडे थोडे पीत राहावे. नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर ढोसणेही घातक असते. त्याने रक्तातील सोडियम घटून भोवळ, उलट्या आणि गंभीर प्रसंगी झटके येऊ शकतात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती जलसंजीवनीचे प्रमाण येथेही उपयोगी पडते. लिंबू पिळल्यास चव येते.

बोलण्यात असंबद्धता, तोल जाणे, भ्रम होणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. रुग्णाला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, मिळेल त्या थंड पाण्याने सर्वांग भिजवावे, बर्फ असल्यास मान, काखा व जांघेत ठेवावा आणि वारा घालावा. आधी थंड करणे आणि मग रुग्णालयात हलविणे, हाच क्रम वैद्यकशास्त्राने मान्य केला आहे.

भाकरी, केळी आणि शेंगाचटणी

दीड तासाहून अधिक चालणाऱ्या श्रमात शरीराला दर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. खजूर, गुळाची चिक्की, साखरेचे पाणी यांवरही काम भागते. परदेशी पाकिटांतील चिकट जेल घेणे सक्तीचे नाही. घ्यायचेच असेल, तर सरावात घेऊन पोटाला मानवते का, ते आधी पाहावे. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी हा सोलापूरचा कणा असलेला आहार सरावाच्या दिवसांत उत्तमच. मात्र त्यातील तंतू आणि तेल पचायला वेळ घेतात. म्हणून शर्यतीच्या पहाटे भाकरीला रजा द्यावी आणि भात, पोहे, केळी असे हलके काही तीन तास आधी खावे. शर्यतीच्या दिवशी कोणताही नवा प्रयोग करू नये. नवे बूट नकोत आणि नवा पदार्थही नको.

नोकरदाराचे वेळापत्रक

स्प्रिंट शर्यतीसाठी, सलग पाच किलोमीटर धावू शकणाऱ्या आणि थोडेफार पोहता येणाऱ्या व्यक्तीला १२ ते १६ आठवडे पुरतात. आठवड्याला पाच-सहा तास काढता आले, तर तयारी नीट होते. सोमवारी विश्रांती, मंगळवारी पोहणे, बुधवारी संथ धावणे, गुरुवारी पोहणे, शुक्रवारी सायकल व पोट-पाठीचे व्यायाम, शनिवारी थोडे वेगाचे धावणे आणि रविवारी लांब सायकल व त्यास जोडून अल्प धावणे, अशी मांडणी बहुतेकांना जमते. पोहण्यात कच्चे असणाऱ्यांनी धावण्याचा एक दिवस कमी करून पाण्याला द्यावा. सरावाचा मोठा भाग सहज गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने व्हावा. दर चौथ्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा आणि शर्यतीपूर्वीच्या आठवड्यात शरीर ताजे राखावे. झोप हाही सरावाचाच भाग आहे. रात्री बारापर्यंत जागून पहाटे चारला उठणारा खेळाडू तंदुरुस्तीऐवजी आजारपणच ओढवून घेतो.

हाफ आयर्नमॅनचे गणित आधीच मांडून पाहावे. साडेआठ तासांची एकूण मुदत धरली, तर पोहण्याला १ तास १० मिनिटे, ताशी साडेबावीस किलोमीटर वेगाने सायकलीला ४ तास, किलोमीटरला आठ मिनिटांच्या गतीने धावण्याला सुमारे २ तास ५० मिनिटे आणि अदलाबदलीला २० मिनिटे मिळून ८ तास २० मिनिटे होतात. हातात उरतात फक्त दहा मिनिटे. एक पंक्चर, एकदा पायात आलेला गोळा, आणि ती संपतात. प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र मुदतही असते. ती चुकली की पुढे जाऊ दिले जात नाही. म्हणून लहान अंतराच्या एक-दोन शर्यती पार केल्याविना या अंतराकडे वळू नये.

शर्यतीच्या दिवशी

अदलाबदलीच्या जागेत प्रत्येकाला आपल्या क्रमांकाचा सायकल-स्टँड मिळतो. तेथे सोलापुरी टॉवेल अंथरून त्यावर हेल्मेट, गॉगल, मोजे, बूट, टोपी आणि खाण्याच्या वस्तू वापराच्या क्रमाने मांडाव्यात. शेकडो सायकलींत आपली जागा ओळखायला तो टॉवेल उपयोगी पडतो आणि पायांची वाळूही त्याने पुसता येते. हेल्मेटचा पट्टा लावल्यावरच सायकलला हात लावावयाचा आणि ठराविक रेषेपलीकडे गेल्यावरच तिच्यावर बसावयाचे, हे नियम मोडल्यास दंडाची मिनिटे भोगावी लागतात. हौशी शर्यतीत पुढच्या सायकलच्या अगदी मागे राहून वारा चुकविण्यास बंदी असते. कानात गाणी लावण्यासही मनाई असते. पाण्यात धाप लागल्यास पाठीवर उताणे होऊन हात वर करावा. सुरक्षारक्षकांच्या होडीला धरून विसावा घेता येतो. पुढे सरकण्यासाठी तिची मदत घेतली नाही, तर त्यामुळे कोणी बाद होत नाही. ही एक गोष्ट माहीत नसल्याने अनेक नवखे भीतीपोटी दम तुटेस्तोवर हात मारत राहतात.

छातीतला इशारा

अमेरिकेतील ट्रायथलॉनच्या १९८५ ते २०१६ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आकस्मिक मृत्यू, हृदयक्रिया थांबणे आणि अपघाती मृत्यू अशा १३५ घटना आढळल्या. त्यांपैकी ९० घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. बाधितांचे सरासरी वय सत्तेचाळिशीच्या आसपास होते आणि ८५ टक्के पुरुष होते. प्रमाण दर लाख सहभागींमागे दोनहून कमी असले, तरी चाळिशीनंतर या खेळाकडे वळणाऱ्या पुरुषांनी या आकड्यांकडे डोळेझाक करू नये. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासण्या करून घेतल्यावरच सराव सुरू करावा. छातीत दडपण, वाजवीपेक्षा अधिक धाप किंवा चक्कर जाणवल्यास, अंतिम रेषा समोर दिसत असली तरी थांबावे. ताप किंवा जुलाब झालेल्या आठवड्यात शर्यतीवर पाणी सोडावे. भरलेले शुल्क वाया गेल्याची हळहळ चार दिवसांची असते.

पहिले पाऊल

मकर संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत मानाचे सात नंदीध्वज तोलून ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघणारे सोलापूरचे भक्त त्याआधी अनेक दिवस सराव करतात. अंगातील जोराइतकेच तोल, श्वास आणि सोबत्यांवरचा विश्वास यांना तेथे महत्त्व असते, हे या शहराला नव्याने सांगावयास नको. ट्रायथलॉनची तयारीही त्याच वळणाची आहे. ज्याला पोहता येत नाही त्याने या हंगामात ड्युएथलॉन करावी आणि सोबतच पोहण्याचा वर्ग लावावा. ज्याला येते त्याने स्प्रिंट शर्यत गाठावी. दोन-तीन जणांचा गट करून सराव केल्यास रस्त्यावर आणि पाण्यातही सोबत राहते, खर्च वाटला जातो आणि पहाटेचा गजर बंद करून पुन्हा झोपण्याची मुभाही उरत नाही.

घरच्यांची संमती हा या तयारीतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. रविवारची प्रत्येक सकाळ घराबाहेर जाणार, हे आधीच बोलून ठरविलेले बरे. सरावाला निघताना कोणत्या रस्त्याने जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून जावे, खिशात नाव, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. पदक मिळो न मिळो, ठरल्या वेळी घरी परत येणे ही प्रत्येक सरावाची पहिली अट आहे.